मेलेली कातडी खाणारं औषध : भाजलेल्या जखमेवर अननसाचा बुंधा कसा काम करतो, आणि घरी तो का लावायचा नाही

टेंभुर्णी : मटण निबर निघालं तर कच्च्या पपईची फोड टाकायची, ही युक्ती आपल्याकडं घराघरात माहीत आहे. फोड लावून थोडा वेळ ठेवलं की मांस मऊ पडतं आणि लवकर शिजतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, हाही अनुभव बहुतेकांना असतो. या दोन्हींमागं कारण एकच. पपईच्या चिकात आणि अननसात मांस विरघळवणारा पदार्थ असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात.

हाच गुण वापरून डॉक्टर आता भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी सुरीशिवाय काढू लागले आहेत. अननसाच्या बुंध्यातून काढलेलं एन्झाइम जखमेवर चार तास ठेवतात. ते जळालेला थर खातं आणि खालची जिवंत कातडी बऱ्याच अंशी सोडून देतं.

हे वाचून कुणी घरात अननस चिरून जखमेवर बांधायला जाऊ नये, म्हणून पहिल्यांदाच सांगितलेलं बरं. हा उपचार दवाखान्यातला आहे, तोही भाजलेल्यांच्या खास विभागातला. पण तो कसा चालतो हे कळलं की भाजल्यावर पहिल्या तासात आपण काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे नीट ध्यानात येतं.

आपल्या भागात कोण भाजतं?

उजनीच्या पाण्यावर माढा तालुक्यात ऊस वाढला. ऊस आला की त्याच्याबरोबर आगही येते. हंगामात कारखान्यांची बॉयलर पेटतात. तोडणीच्या टोळ्या पाचटाच्या खोपीत राहतात आणि खोपीच्या तोंडाशीच चूल असते. तोड झाली की काही शेतकरी अजूनही पाचट पेटवतात. वारा फिरला की आग बांधावर येते आणि ती विझवायला गेलेला माणूसच होरपळतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असतो. थंडीत हुरड्याची आगटी पेटते. हायवेच्या हॉटेलांत चहाची पातेली आणि तेलाच्या कढया दिवसभर भट्टीवर असतात.

घरातलं भाजणं तर रोजचंच. न्हाणीत ठेवलेल्या कडक पाण्याच्या बादलीत लहान मूल हात घालतं. चुलीपुढं साडीचा पदर पेट घेतो. शेगडीवरचं दूध अंगावर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी 10 लाखांहून जास्त माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यातली बरीचशी वाचतात. पण वाचल्यावर हात सरळ होतो का, मान वळते का, पुन्हा खुरपं धरता येतं का, हे बरंचसं पहिल्या काही दिवसांत ठरतं. मेलेली कातडी कधी आणि कशी काढली, यावर त्यातलं खूप काही अवलंबून असतं.

दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नाही

आपल्या कातडीला दोन थर असतात. वरचा पातळ, कागदासारखा. खालचा जाड. या खालच्या थरात केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, बारीक रक्तवाहिन्या आणि दुखणं कळवणाऱ्या नसा असतात. त्याच्या खाली चरबी.

फक्त वरचा थर भाजला तर कातडी लाल होते, आग होते आणि काही दिवसांत आपोआप बरी होते. खालच्या थराचा वरचा भाग भाजला तर फोड येतात, जखम ओलसर आणि गुलाबी दिसते, दुखतंही भरपूर. अशी जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते, कारण केसांच्या मुळांपाशी उरलेल्या जिवंत पेशी नवी कातडी तयार करतात.

भाजणं त्याहून खोल गेलं की चित्र बदलतं. कातडी पांढरट, तपकिरी किंवा काळी पडते. हाताला चामड्यासारखी कडक लागते. आणि दुखणं कमी होतं. इथंच घरचे लोक फसतात. "आता दुखत नाही म्हणतोय, म्हणजे उतार पडला," असं म्हणून दवाखाना लांबणीवर टाकतात. खरं तर दुखत नाही, कारण दुखणं सांगणाऱ्या नसाच जळाल्या आहेत. खोल भाजण्याची ती खूण आहे.

मेलेला थर अंगावर ठेवला तर काय होतं?

खोल भाजल्यावर वर जो कडक थर राहतो तो मेलेला असतो. तो काढला नाही तर तीन प्रकारे त्रास देतो.

पहिला त्रास जंतूंचा. मेलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. त्या थरात रक्त फिरत नाही, त्यामुळं गोळी किंवा सलाईनमधून दिलेलं औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही. जंतू वाढतात आणि तिथून रक्तात उतरले तर जिवावर बेततं.

दुसरा त्रास आवळण्याचा. ओल्या चामड्याची वादी खांबाला बांधली आणि ती वाळली की कशी करकचून आवळते, तसंच हे. हाताला, पायाला किंवा बोटाला सगळीकडून वेढून भाजलं असेल, तर वरचा थर कडक राहतो आणि आतलं मांस सुजतं. रक्त पुढं जायचं थांबतं. छातीला असा वेढा पडला तर श्वास घेणं अवघड होतं. अशा वेळी डॉक्टरांना तो थर उभा चिरून मोकळा करावा लागतो.

तिसरा त्रास नंतरचा. मेलेला थर आपोआप सुटायची वाट पाहिली तर आठवडे जातात. तोवर जखम उघडी राहते, खाली लाल मांस वाढतं, व्रण जाड होतो आणि कातडी आखडते. बोटं तळहाताकडं वळलेली, कोपर न उघडणारा हात, हनुवटी छातीला चिकटलेली माणसं आपण पाहिलेली असतात. ते सगळं आगीनं एका दिवसात केलेलं नसतं. भरायला लागलेल्या उशिराचाही त्यात वाटा असतो.

म्हणून भाजण्याच्या उपचारातला मोठा नियम असा, की मेलेला थर लवकर काढायचा आणि जागा लवकर झाकायची.

सुरीचा मार्ग

पूर्वी तो थर आपोआप सुटायची वाटच पाहिली जायची. रोज ड्रेसिंग बदलायचं, सुटेल तेवढं काढायचं. 1970 मध्ये त्या वेळच्या युगोस्लाव्हियातल्या, आजच्या स्लोव्हेनियातल्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी वेगळी पद्धत जगापुढं मांडली. पहिल्या काही दिवसांतच पातळ पात्याच्या सुरीनं मेलेला थर पापुद्र्यासारखा उतरवत जायचं. खालून ताजं रक्त टिपकायला लागलं की जिवंत थर लागला. तिथं थांबायचं आणि लगेच मांडीवरची किंवा पाठीवरची पातळ कातडी काढून तिथं लावायची. यालाच स्किन ग्राफ्ट म्हणतात.

या पद्धतीनं खूप जीव वाचले. आजही मोठ्या भाजण्यात हाच मुख्य उपचार आहे. पण त्याचीही किंमत आहे. भूल द्यावी लागते. रक्तस्राव बराच होतो, रक्ताच्या बाटल्या तयार ठेवाव्या लागतात. अनुभवी सर्जन आणि ऑपरेशन थिएटर लागतं. आणि सुरीला मेलेलं-जिवंत कळत नाही. हात कितीही बसलेला असला तरी मेलेल्या थराबरोबर थोडी चांगली कातडी जातेच. हाताचा पंजा आणि चेहरा अशा जागी तर हे काम फारच नाजूक.

सोलापूरचा मध आणि मुंबईची बटाट्याची साल

या विषयात आपल्या जिल्ह्याचं नाव जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मधाचा अभ्यास केला. तो 1991 मध्ये इंग्लंडच्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या मासिकात छापून आला. त्यांनी 104 रुग्ण घेतले. 52 जणांच्या जखमेवर शुद्ध मध लावला आणि 52 जणांना नेहमीचं पांढरं मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटात 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतूमुक्त झाल्या, मलमाच्या गटात फक्त 7 टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा मधाच्या गटात 87 टक्के, तर मलमाच्या गटात 10 टक्के.

त्याआधी 1985 मध्ये मुंबईच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातले डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरून दाखवली होती. महागडं ड्रेसिंग न परवडणाऱ्या देशात स्वस्तात जखम ओलसर कशी झाकायची, हा त्यामागचा विचार होता. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी पुढं मध आणि बटाट्याची साल यांचीही तुलना केली. ती 1996 मध्ये छापून आली आणि त्यात मध सरस ठरला.

मधात साखर दाट असते, त्यामुळं तो जंतूंमधलं पाणी शोषून घेतो. मधमाशीनं त्यात सोडलेल्या एका एन्झाइममुळं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेही जंतू मारतं. शिवाय जखम ओलसर राहिल्यानं शरीराची स्वतःची एन्झाइमं मेलेला थर हळूहळू सोडवतात. पण हळूहळूच.

आणि यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढं आहे. ज्या डॉक्टरांचं नाव मधामुळं झालं, त्याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1999 मध्ये आणखी एक अभ्यास छापला. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मधाचं ड्रेसिंग चांगलं, की लवकर सुरीनं मेलेला थर काढून ग्राफ्ट लावणं चांगलं? उत्तर आलं, लवकर काढून ग्राफ्ट लावणं चांगलं. आपलाच आवडता उपचार कुठं कमी पडतो, हे त्यांनी स्वतः मोजून सांगितलं.

थोडक्यात, वरवरच्या जखमेला चांगलं ड्रेसिंग पुरतं. जखम खोल असेल तर मेलेला थर काढण्याला पर्याय नाही. सुरीनं काढताना रक्त जातं आणि चांगली कातडीही जाते. मग सुरीपेक्षा नेमकं काही आहे का? एन्झाइमचा उपचार या प्रश्नातून पुढं आला.

पपई, जंतू आणि अननस

मेलेलं मांस खाणारी एन्झाइमं तीन ठिकाणांहून मिळाली.

पहिलं पपेन, पपईच्या चिकातलं. आफ्रिकेतल्या गाम्बिया देशात बांजुलच्या रुग्णालयात भाजलेल्या मुलांच्या जखमेवर पपईचा गर वापरत असत. त्याचा अहवाल 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पपेनची मलमंही बाजारात आली. पण काही रुग्णांना त्याची जोरदार ॲलर्जी झाली. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मंजुरी नसलेली पपेनची मलमं विकणं बंद करायला लावलं.

दुसरं कोलॅजिनेज. हे एका जातीच्या जंतूपासून काढतात. त्याचं मलम बरीच वर्षं वापरात आहे. ते सौम्य आहे, पण मेलेला थर सुटायला बरेच दिवस लागतात आणि रोज लावावं लागतं.

तिसरं ब्रोमेलेन, अननसातलं. फळ काढल्यावर जो बुंधा राहतो त्यात हे भरपूर असतं. त्यापासून इस्रायलमधल्या मेडिवूंड या कंपनीनं 'नेक्सोब्रिड' नावाचं औषध तयार केलं. डॉ. लिऑर रोझेनबर्ग या सर्जननी त्यावर अनेक वर्षं काम केलं. युरोपात त्याला 2012 च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी 2022 च्या डिसेंबरमध्ये आणि नंतर 2024 मध्ये मुलांसाठीही.

मेलेलं तेवढंच कसं खातं?

कातडीचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन. जिवंत कातडीत हा धागा दोरखंडासारखा घट्ट पिळलेला असतो. त्यात एन्झाइमला सहज शिरता येत नाही. जळाल्यावर हा पीळ उसवतो आणि एन्झाइमला तो तोडणं सोपं जातं. दुसरं म्हणजे जिवंत कातडीत रक्त फिरत असतं आणि रक्तात अशा एन्झाइमला आवर घालणारे पदार्थ असतात. मेलेल्या थरात ते नसतात. म्हणून औषध मेलेल्यात जोरात चालतं आणि जिवंत थराशी आलं की मंदावतं.

दवाखान्यात हा उपचार कसा करतात?

सगळं मिळून एक दिवसाचं काम असतं. पण ते क्रमानं आणि काटेकोर करावं लागतं.

• आधी दुखणं थांबवायचं. हा उपचार दुखतो. त्यामुळं भारी वेदनाशामक औषध, तो भाग बधिर करायचं इंजेक्शन किंवा भूल दिल्याशिवाय सुरुवात करत नाहीत.

• मग जखम धुवायची. फोड फोडून त्यांची सालं काढतात. आधी लावलेलं मलम, पावडर, आयोडीन, सगळं स्वच्छ पुसतात. ते राहिलं तर एन्झाइम नीट काम करत नाही. नंतर जंतुनाशक पाण्यात भिजवलेली पट्टी दोन तास ठेवतात.

• जखमेभोवती चांगल्या कातडीवर व्हॅसलिनसारख्या मलमाचा बांध घालतात, शेतातल्या वाफ्याला घालतो तसा. औषध बाहेर जाऊ नये म्हणून.

• औषधाची पावडर आणि जेल आयत्या वेळी मिसळतात. एकदा मिसळलं की ताकद कमी होत जाते, म्हणून पंधरा मिनिटांच्या आत लावायचं असतं. वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावून हवाबंद करतात.

• चार तासांनी फिल्म काढायची. मेलेला थर विरघळून लगदा झालेला असतो. तो बोथट पट्टीनं खरवडून पुसून घेतात. खाली गुलाबी किंवा पांढरट, बारीक रक्ताचे ठिपके असलेला जिवंत थर दिसतो. त्यावर पुन्हा दोन तास ओली पट्टी.

• आता डॉक्टरांना खालचा थर स्वच्छ दिसतो. कुठली जागा आपोआप भरेल आणि कुठं ग्राफ्ट लावावा लागेल, याचा निर्णय त्यावरून करतात.

एका वेळी साधारण शरीराच्या 15 टक्के भागापर्यंतच हे लावतात. माप काढायची सोपी खूण म्हणजे बोटांसकट आपला तळहात हा आपल्या अंगाचा अंदाजे एक टक्का.

फायदा किती झाला?

युरोप आणि इतर देशांतल्या दवाखान्यांत झालेली मोठी चाचणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 156 रुग्ण होते. अननसाचं औषध लावलेल्यांचा मेलेला थर भाजल्यापासून सरासरी 2.2 दिवसांत निघाला. नेहमीच्या उपचारात सरासरी 8.7 दिवस लागले. मेलेला थर सुरीनं काढावा लागला अशा जखमा औषधाच्या गटात 24.5 टक्के होत्या, नेहमीच्या उपचारात 70 टक्के. ग्राफ्टही कमी लागले.

वेढून भाजलेल्या हातापायांत आणखी एक फायदा दिसतो. थर लवकर विरघळल्यानं आवळणं सुटतं आणि काही रुग्णांत तो चिरायची वेळ येत नाही.

हे औषध काय करू शकत नाही?

हे औषध नवी कातडी उगवत नाही. ते फक्त मेलेलं काढतं. खालचा पूर्ण थरच जळाला असेल तर ग्राफ्ट लावावाच लागतो. सगळ्या जखमा मिळून भरायला लागणारा काळ या औषधानं फार कमी होत नाही. त्याचा फायदा आहे तो मेलेला थर लवकर जाण्यात, सुरी कमी लागण्यात आणि चांगली कातडी वाचण्यात.

डीपीवर किंवा मोटारीच्या स्टार्टरवर करंट लागून भाजलं असेल, किंवा ॲसिडसारख्या रसायनानं भाजलं असेल, तर हा उपचार चालत नाही. करंट आतून जाळत जातो, वरून जखम छोटी दिसली तरी.

ज्यांना अननस किंवा पपईची ॲलर्जी आहे त्यांना हे औषध देत नाहीत. मधमाशी चावून अंगभर गांध्या उठलेल्या किंवा रबराची ॲलर्जी असलेल्या माणसानंही ते डॉक्टरांना आधी सांगावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही.

आणि जखम वाळून कोरडी-ठक्क झाली की एन्झाइम नीट चालत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे.

मग घरी पपई-अननस लावला तर?

लावू नये. कारणं साधी आहेत. फळात एन्झाइम किती आहे हे मोजता येत नाही. फळ जंतूमुक्त नसतं, जखमेत माती आणि बुरशी जाते. दुखणं थांबवायची सोय घरी नसते आणि हे भयंकर झोंबतं. ॲलर्जी झाली तर श्वास कोंडतो, तेव्हा इंजेक्शन देणारा जवळ लागतो. आणि कुठं थांबायचं हे घरी कळत नाही. मधाचंही तसंच. सोलापुरात रुग्णांना मध लावला तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज जखम तपासून. दुकानातल्या बाटलीत साखरेचा पाक किती हे कोण सांगणार?

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, शेण, राख, अंड्याचा बलक यांतलं काहीच लावू नये. यातल्या प्रत्येक गोष्टीनं जखमेचा रंग झाकला जातो, त्यामुळं किती खोल भाजलंय हे डॉक्टरांना कळत नाही. शिवाय ते सगळं दवाखान्यात पुन्हा घासून काढावं लागतं. त्यात रुग्णाचा जीव जातो-येतो आणि वेळही जातो.

भाजल्यावर पहिल्या तासात हे करा

1. आग विझवा. कपडे पेटले असतील तर पळू नका. जमिनीवर पडून लोळा किंवा जाड सुती चादर गुंडाळा. करंट असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा.

2. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं स्वच्छ गार पाणी सोडा. नळ असो, तांब्या असो, नाहीतर शेतात मोटारीच्या पाइपाची बारीक धार असो. घड्याळ लावून वीस मिनिटं. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत हे केलं तर उपयोग होतो. बर्फ लावू नका. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर भाजलेला भागच भिजवा, बाकी अंग उबदार ठेवा.

3. अंगठी, बांगड्या, पाटल्या, जोडवी, घड्याळ, करदोटा लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत आणि बोट काळं पडतं. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका.

4. जखमेवर धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म सैल झाका. काहीही चोळू नका. फोड फोडू नका.

5. 108 ला फोन करा.

तोंड, हात, पाय, जांघ किंवा सांधा भाजला असेल, करंट किंवा रसायनानं भाजलं असेल, बंद खोलीत धूर गेला असेल, जागा पांढरी-काळी कडक पडली असेल, किंवा लहान मूल असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जायलाच पाहिजे. लहान मुलाचे दहा तळहात किंवा मोठ्या माणसाचे पंधरा तळहात भरतील एवढं भाजलं तर सलाईन ताबडतोब लागतं.

टेंभुर्णीहून सोलापूर हायवेनं नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. तिथं वैशंपायन महाविद्यालयाला जोडलेलं शासकीय सर्वोपचार रुग्णालय आहे. पुणे त्याच्या जवळपास दुप्पट लांब. गंभीर भाजलेल्याला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन मग पुढं पाठवलेलं चांगलं. भरती करताना महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं?

सांगायच्या गोष्टी चार. कशानं भाजलं, किती वाजता भाजलं, वर काय काय लावलं, आणि कशाची ॲलर्जी आहे. काही लावलं असेल तर लाजून लपवू नका.

विचारायच्या गोष्टीही चार. जखम किती खोल आहे? मेलेला थर काढावा लागेल का आणि कोणत्या दिवशी? तो सुरीनं काढणार, की एन्झाइमचा उपचार या रुग्णाला चालेल आणि तो कुठं मिळेल? ग्राफ्ट लागला तर कातडी कुठून घेणार?

शेवटचा प्रश्न मोठ्या भाजण्यात महत्त्वाचा ठरतो. स्वतःच्या अंगावर घेण्याजोगी कातडीच उरली नसेल, तर तात्पुरती दुसऱ्याची कातडी लावून जखम झाकतात. ती त्वचापेढीतून येते. मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी 2000 मध्ये सुरू झाली. डोळ्यांसारखंच त्वचेचं दानही मृत्यूनंतर करता येतं. मांडीवरचा आणि पाठीवरचा अगदी पातळ थर घेतात, चेहरा जसाच्या तसा राहतो. फक्त मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते करावं लागतं, म्हणून घरच्यांनी आधी बोलून ठेवलेलं असावं.

अननसाचा बुंधा असो की सर्जनची सुरी, दोन्ही दवाखान्यात आहेत. त्यांच्यापर्यंत जखम स्वच्छ, गार केलेली आणि लवकर पोचवणं हे काम मात्र घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं आहे. पुढच्या वेळी खोपीत, आगटीपाशी किंवा न्हाणीत कुणी भाजलं, तर टूथपेस्ट शोधायला घरात पळू नका. आधी पाण्याची धार धरा आणि घड्याळाकडं बघा.